तीन देऊन एक बेंजो

"तीन देल्ले आनि एक आनला. आता तू मोजत बस."

"मोजायला हाय काय त्यात? तीन गेले, एक आला. आनि आला त्यो बी म्हातारा."

"म्हातारा नको बोलू. जुना बोल."

"जुन्यात आनि म्हाताऱ्यात काय फरक?"

"तुझी आय म्हातारी हाय. तुझ्या आयनं देल्लेला तांब्याचा हंडा जुना हाय. समाजला फरक?"

"माज्या आयला मदी आनू नका," तुळजा म्हणाली आणि चुलीवरचं नव्हे, गॅसवरचं भांडं असं काही उतरवलं, की शेजारच्या खोलीलाही कळावं, इथं अदलाबदल पसंत पडलेली नाही.

शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळं कामतघरच्या चाळीत माणसाचा आवाज ऐकू येतो आणि नवरा-बायकोची भांडणंही त्याच दिवसाला राखून ठेवलेली असतात. दौलतनं खोलीच्या मधोमध गोणपाट अंथरलं, त्यावर धुतलेली चादर टाकली आणि चादरीवर तो बेंजो ठेवला.

बेंजो म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं परदेशी गोल वाद्य येतं. ते हे नव्हे. आमच्या ठाणे जिल्ह्यातला बेंजो म्हणजे लांबट चपटी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. हळद असो, साखरपुडा असो, नाहीतर गणपतीची मिरवणूक, बेंजो पार्टीशिवाय आमच्याकडं माणसाला आनंद झाल्याचं शेजाऱ्याला कळत नाही.

दौलत हा अंबाडीपलीकडच्या पाड्यातला, कुणब्याचा. घरची जमीन एका भावाला पुरेल एवढी आणि भाऊ दोन, म्हणून मिसरूड फुटायच्या आधीच तो भिवंडीत बहिणीकडं आला आणि लूमवर लागला. आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग लूम चालवले, आणि आता कारखान्यात मिस्तरी आहे. लूम बिघडला की कारागीर त्याला हाक मारतात. कारागीर सगळे उत्तरेकडचे, त्यामुळं दौलत दिवसभर हिंदी बोलतो, घरी आपली बोली बोलतो आणि शिवी दोन्हीतून देतो. लूमनंतर त्याला दुसरं काही येत असेल तर बेंजो. तो कुणी शिकवला नाही. गावच्या गणपतीत मागं बसून बघितला आणि घरी फळीवर खिळे मारून बोटं फिरवली.

तिन्ही बेंजो त्यानं हळदी वाजवून वाजवून घेतले होते. एक लाल, एक निळा आरसे लावलेला, आणि तिसरा दिव्यांचा. वाजवताना त्याच्या कडेनं हिरवे-जांभळे दिवे पळत. प्लायवूडचे होते, पण आवाजाला खणखणीत, वायर जोडली की थेट स्पीकरमधून गावभर. तेच तिन्ही त्यानं आज रिक्षात घालून बाजारपेठेमागच्या आळीत नेले आणि विद्युल्लताबाईंच्या दिवाणखान्यात ओळीनं ठेवून आला.

विद्युल्लताबाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. त्यांचे यजमान चिंतामणीसर कचेरीत कारकून होते आणि सार्वजनिक गणपतीच्या कार्यक्रमात बेंजो वाजवत. दौलत भिवंडीत नवा होता तेव्हा त्यानं तो पहिल्यांदा ऐकला. शिसवी पेटी, पितळी पट्ट्या, हस्तिदंती रंगाची बटणं. सरांनी सूर सोडला तरी तो लाकडात राहायचा आणि पुढचा सूर त्याच्या अंगावर येऊन बसायचा. दौलतच्या डोक्यातून ते गेलं नाही. सर होते तोवर त्यानं दोन-चारदा विचारून पाहिलं. सर हसायचे आणि चहा द्यायचे. सर गेल्यावर दोन वर्षांनी त्यानं बाईंना विचारलं.

"विकणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. "विकलं की वस्तूही जाते आणि पैसेही राहत नाहीत. मी मुलींचा क्लास काढलाय. शिकायला आठजणी येतात आणि वाद्य हे एक. याला मी कुणाला हात लावू देत नाही. मग शिकवू कशावर? तुमच्याकडं चालते तीन असतील तर बोला."

दौलत तिथल्या तिथं बोलला. देताना बाईंनी एवढंच बजावलं, "बटणं जड झालीत. सरांच्या मागं बंदच होता. महिनाभर रोज नुसता वाजवा. हातानंच सुटतील. दुसरं काही करू नका."

"न्हाय करत, बाई."

संध्याकाळी भूपेश आला. भूपेश हा दौलतच्या चुलतभावाचा मुलगा, आणि नवतरुण बेंजो पार्टीचा मालक. टेम्पो त्याचा, स्पीकर त्याचे, बॅनरवर फोटो त्याचा. पण लीडला, म्हणजे पुढं बसून गाणं ओढायला, पहिल्या दिवसापासून दौलतकाका. पार्टीचं नाव झालं ते काकाच्या हातामुळं, हे भूपेशलाही माहीत होतं. फक्त अलीकडं तो ते बोलून दाखवत नसे.

"काका, तिन्ही देल्लंस?"

"तिन्ही."

"आनि एका दिवशी दोन हलदी आल्या तर दुसऱ्या टीमला काय देऊ? पातेली?"

"बेंजो माजे व्हते, भूपेश."

"तुजे व्हते, पन पार्टीत वाजत व्हते ना?" भूपेशनं चादरीवरच्या पेटीकडं पाहिलं. "याला वायर कुठं लावतंस?"

"याला भोक न्हाय. वरून चिकटवायचा पिकअप येतं, त्यो लावंन."

"भोक पाड की मग."

दौलतनं त्याच्याकडं असं पाहिलं की भूपेशनं विषय सोडला. मग एक बटण दाबून बघितलं. बटण खाली गेलं आणि वर यायला त्यानं आपला वेळ घेतला.

"आयक काका. येत्या गुरुवारी अंबाडीला हलद हाय. मोठं घर हाय, समदा तालुका येल. तुजा ह्यो आजोबा तितं बोलला तर बरं. न्हाय बोलला तर त्या दिवसापासून लीडला विशाल, कीबोर्ड घेऊन. मंग मना बोलू नको, काकाला उठवला."

"बोलल."

"बटन तर वर येत न्हाय."

"येल."

भूपेश गेला. तुळजा आतून म्हणाली, "पोरगा खोटं न्हाय बोलला." पार्टीतली ती जागा म्हणजे त्याची अर्धी ओळख होती. कामतघरात तो दौलत मिस्तरी होता, पण अंबाडी ते वज्रेश्वरी कुठंही गेला तर बेंजोवाला दौलत होता, आणि दुसरं नाव त्याला जास्त आवडायचं.

रविवारी, सोमवारी ड्युटी सुटली की तो वाजवत बसला. सूर तोच होता, सरांचाच. खोलीत वाजवला तर चाळीतली माणसं दारात येऊन उभी राहत. पण बटणं अडत होती. सावकाश वाजवलं तर ठीक. हळदीच्या गाण्याचा वेग धरला की एक बटण वर यायच्या आत दुसरं दाबायची वेळ येई आणि दोन सुरांची खिचडी होई. बाईंनी महिना सांगितला होता. दौलतकडं गुरुवार होता.

आता मिस्तरी माणसाचं एक असतं. हलणारी वस्तू अडली की त्याचा हात तेलाकडं जातो. दौलतनं आजवर चाळीतली शिलाई मशीनं, दाराच्या बिजागऱ्या, सायकली, एका म्हातारीची छत्री आणि देवळातली घंटासुद्धा तेल घालून सरळ केली होती. लूमचं तेल पातळ, कुठंही शिरतं, आणि ते त्याच्याकडं बुधलीत कायम असायचं. मंगळवारी संध्याकाळी त्यानं प्रत्येक बटणाच्या बुडाशी एकेक थेंब सोडला. बाईंचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. पण बाईंनी आयुष्यभर मुलं शिकवली, लूम नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

बटणं लोण्यासारखी चालायला लागली. तासभर त्यानं असा वाजवला की तुळजानंही दोन गाण्यांची फर्माईश केली.

"आता बोल, म्हातारा का जुना?" त्यानं विचारलं.

"बगू गुरवारी," ती म्हणाली.

बुधवारी कामावरून येऊन त्यानं नखी मारली आणि पेटी बोललीच नाही. तार हलली, पण सूर उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या पोरासारखा आला. त्यानं झाकण उचललं. बटणांखाली बनातीची पट्टी असते, जाड लोकरी कापडाची. बटण आपटू नये, नीट उचलावं म्हणून. ती सगळं तेल पिऊन फुगली होती आणि तारांना टेकली होती. वर भिवंडीची हवा. कामतघरात कापसाची लव कुठं नसते? तिनं तेलावर बसून पट्ट्यांवर, तारांवर करडी साय धरली होती. लूमवर असं झालं तर पुसायचं आणि पुढं जायचं. त्यानं पुसलं. पुसलं तसं तेल आणखी आत गेलं.

तो हात धुवून, शर्ट बदलून, पेटी चादरीत गुंडाळून रिक्षानं आळीत गेला.

विद्युल्लताबाईंनी झाकण उघडलं आणि वास घेतला.

"लूमचं तेल?"

"व्हय."

"मी काय सांगितलं होतं?"

"दुसरं काय करू नका."

"मग?"

"दुसरंच केलं."

बाई चिडल्या होत्या, पण त्यांनी आवाज चढवला नाही. चाळीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला आवाज चढवायची गरज पडत नाही. दौलत उभाच राहिला. त्यानं गुरुवारची हळद, भूपेश, विशालचा कीबोर्ड, सगळं सांगितलं. कोपऱ्यात त्याचेच तिन्ही बेंजो ओळीनं ठेवलेले होते. निळ्यावर कुणी मुलीनं स्टिकर चिकटवला होता.

बाईंनी त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं. "हे बघा दौलतराव, तुम्हाला परत हवे असतील तर तिन्ही घेऊन जा. हा इथं ठेवा. मी बनात बदलून घेईन. मुलींना सांगेन थोडं थांबा. पण एक काहीतरी ठरवा. आज एक न्यायचा आणि उद्या दुसरा, असं मी करू देणार नाही. वाद्य आहे ते, भाड्याची सायकल नव्हे."

दिव्यांचा बेंजो घेतला असता तर काम झालं असतं. उद्या अंबाडीत तो नेहमीसारखा पुढं बसला असता, दिवे पळाले असते, पोरं नाचली असती. दौलतला हे सगळं दिसत होतं. त्याला हेही दिसत होतं की एकदा हा शिसवी बेंजो इथं ठेवला की बाई पुन्हा तो त्याच्या हातात देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

"ह्योच नेतो," तो म्हणाला.

"उद्या नीट वाजणार नाही."

"न्हाय वाजंल."

बाईंनी सुस्कारा टाकला आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला. दौलतनं घ्यायला हात पुढं केला तसा त्यांनी तो मागं घेतला. "तुम्ही बसा." वरच्या सप्तकातल्या बटणांखालची बनात त्यांनी स्वतः काढून टाकली, त्या भागातल्या तारा रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्या. "नवी बनात चिकटवली तर सुकायला दोन दिवस जातात. तेवढा वेळ नाही. ही वरची अर्धी बटणं बोलतील, पण खडखडतील. खालची काढायला अख्खी पेटी सोडवावी लागेल, ती अर्धी मेलेलीच समजा. परवा शुक्रवारी आणा, मग सगळं करू. आणि ती बुधली घरातून बाहेर ठेवा."

गुरुवारी दौलत दुपारनंतर सुट्टी घेऊन टेम्पोतून अंबाडीला गेला. मांडव मोठा होता, भूपेश म्हणाला तसाच. नवऱ्याच्या अंगाला हळद लागायच्या आधीच अर्धं गाव हळदीनं पिवळं झालं होतं. दौलतनं पेटीला पिकअप चिकटवला आणि सुरुवातीचं गाणं धरलं.

पहिल्या गाण्याच्या मुखड्यातच कळलं. वरचे सूर स्पीकरमधून आले ते प्रत्येकी एक खडाखड घेऊन, जणू कुणी दुपारच्या वेळी पत्र्यावरून चालतंय. आणि गाणं खाली उतरलं की काहीच नाही, नुसता ढोल. नाचणारी पोरं थांबून बघू लागली. एकजण ओरडला, "बेंजोला खोकला झालाय काय रं?" दौलतनं दुसरं गाणं सगळं वर चढवून वाजवून बघितलं. ते वाजलं, पण गाणं कुठलं हे नाचणाऱ्यांनी एकमेकांना विचारलं.

दुसरं संपलं तसं भूपेशनं विशालकडं बघून मान हलवली. विशालनं कीबोर्ड पुढं ओढला, पिकअपची वायर काढून दौलतच्या मांडीवर ठेवली, "काका, सरक ना जरा," असं म्हणाला, आणि काका सरकला. गर्दी पुन्हा नाचायला लागली. कुणाला काही फरक पडला असं दिसलं नाही, आणि दौलतला तेच जास्त लागलं.

पुढं हळद लावायची वेळ झाली. आमच्याकडं या वेळी पार्टी थांबते. स्पीकर बंद करायचा, कारण आता धवलारीण धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणणार. लग्नाचे विधी तिच्या गाण्यानं पुढं सरकतात. भटजी असला तरी ती असतेच, आणि ती गाते तेव्हा वाद्य वाजत नाही. पार्टीची पोरं तेवढ्यात चहा-भजी खायला जातात. त्या दिवशीही सगळे गेले. दौलत गेला नाही. चहाच्या टेबलाशी उभं राहून कुणाशी काय बोलायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

धवलारीण होती चंद्राबाई. साठी ओलांडलेली, दात गेलेले, आवाज शाबूत. तिनं नवऱ्याच्या पाटाशी बसून पहिला धवला उचलला, मागं दोन बायकांनी ओढला. धवल्याची चाल चार-पाच सुरांत फिरते, तिथंच जाते आणि तिथंच येते. दौलतची बोटं मांडीवरच्या पेटीवर होती. त्यानं वायरीशिवाय, हलक्या नखीनं, तिच्या मागून ते चार-पाच सूर लावले. सगळे वरच्या अर्ध्यातले होते.

चंद्राबाईनं कडवं संपवलं आणि मान वळवली.

"कोन त्यो खडखड करतं?"

"मी, आत्या. दौलत."

"धवल्याला वाजाप कवापासून लागला?"

"न्हाय लागत. ऱ्हायलं."

तिनं हळदीचा हात पदराला पुसला आणि विचार केला. मांडवातल्या बायका वाट बघत होत्या.

"सूर चांगला हाय त्याचा," ती म्हणाली. "वाजव. पन माज्या मागं ऱ्हा. मी थांबली का थांबायचा. माज्या पुढं गेलास तर हलद तुज्या तोंडाला लावंन."

बायका हसल्या. दौलतनं मान हलवली आणि तिच्या मागं राहिला. तिनं श्वास घेतला की त्यानं नखी उचलली, तिनं शब्द ओढला की त्यानं सूर धरून ठेवला. स्पीकर नव्हता, त्यामुळं बटणांची खडखड चार हातांपलीकडं गेली नाही. आणि सुटलेला सूर लाकडात राहून चंद्राबाईच्या आवाजाखाली अंथरल्यासारखा पडत होता. शेवटच्या धवल्याला दोन म्हाताऱ्या उठून त्याच्याजवळ येऊन बसल्या. भजीची ताटली हातात घेऊन भूपेश मांडवाच्या खांबाशी उभा होता. कधी आला होता कोण जाणे.

टेम्पोत सामान चढवताना तो दौलतजवळ आला.

"काका, खरं बोलू?"

"बोल."

"लीड विशालला. आज समद्यांनी बगितलं."

"बरं."

"मी तुना सांगितलं व्हतं आधी."

"सांगितलंस. मी न्हाय कुठं बोलतंय?"

भूपेशनं दोरी आवळली, सोडली, पुन्हा आवळली. "चंद्राआत्या बोलली, पुढच्या लग्नाला काकाला पेटी घेऊन यायला सांग. धवल्याला. तू येत जा. पन स्पीकरवर न्हाय, आनि हिस्सा बी लीडचा न्हाय."

"आनि खालची बटनं दुरुस्त झाली का?"

"मंग बगू," भूपेश म्हणाला. पण दोघांनाही ठाऊक होतं, विशाल पंचविशीचा आहे, कीबोर्डात शंभर आवाज आहेत, आणि एकदा बसून उबदार केलेली जागा माणूस उठून परत देत नाही.

घरी आल्यावर तुळजानं ताट वाढलं. तिनं विचारलं नाही, भात वाढला, मग विचारलं.

"काय झायलं?"

"लीड गेला."

"मी बोलली व्हती."

"तू बोलली, बाई बोलल्या, भूपेश बोलला. मीच काय त्यो मुका व्हतो."

"मंग आता?"

"चंद्राआत्याच्या धवल्याला बसंन."

"धवल्याला काय देतात?"

"नारल. आनि बायका तोंडाला हलद लावतात."

तुळजाला हसू आलं, ते तिनं आमटीच्या पातेल्यात डोकावून लपवलं. "पातल आमटीला नारल लागतंच," ती म्हणाली. "बेंजो परत देनार का मंग?"

"न्हाय."

"मना वाटलंच," ती म्हणाली, आणि आणखी एक पळी आमटी वाढली.

शुक्रवारी तो पेटी घेऊन आळीत गेला. बाईंनी बनात बदलली, आणि चिकटवताना पट्टी धरायला त्याला बसवलं. बाजूच्या खोलीत उन्नती नावाची लहान मुलगी त्याच्याच लाल बेंजोवर सा रे ग म गिरवत होती, आणि तिचा प प्रत्येक वेळी चुकत होता. दौलतनं दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा उठून तिथं गेला, तिचं बोट एक बटण पुढं सरकवून आला आणि पुन्हा पट्टी धरून बसला. बाईंनी पेटी सुकायला ठेवून घेतली. रविवारी घेऊन जा म्हणाल्या.

शनिवारी सकाळी कारखान्याचं शटर वर गेलं, मेन स्विच चालू झाला आणि सुट्टीची शांतता एका झटक्यात गेली. दौलत अजून डबा खुंटीला लावत होता.

"मिस्तरी, कोनेवाला लूम धोटा फेंक रहा है," पलीकडून कारागीर ओरडला. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन लूममध्ये धावणारा टोकदार लाकडी ठोकळा.

"कबसे?"

"अभी चालू किया तबसे. दो बार बाहर आ गया. किसी को लगेगा."

"बंद कर उसको. हात मत डाल, मैं आता हूं."

त्यानं पाना उचलला, बाह्या वर केल्या आणि दोन लूमांमधल्या बोळातून आडवा होत कोपऱ्याकडं निघाला.